बदल्यांचा मोसम

खेळातले मला काही कळत नाही, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. शाळेत आट्यापाट्या खेळताना मी पहिल्याच पाटीवर बाद होत असे, आणि क्रिकेटमध्ये माझी नेमणूक कायमची सीमारेषेवर. तीही चेंडू गटारात गेला तर तो काढून आणण्यासाठी. अशा माणसाने बास्केटबॉलवर लिहिणे म्हणजे टकल्याने कंगव्याची पारख करण्यासारखेच आहे. पण वाचकांनी घाबरू नये. मी खेळावर लिहीतच नाही. ज्या उन्हाळ्याची ही हकीकत आहे त्या उन्हाळ्यात खेळ बंदच होता. मी लिहिणार आहे ते, खेळ बंद असताना लोक जो खेळ खेळतात त्यावर.

ज्यांनी आपली उमेदीची वर्षे सरकारी कचेरीत किंवा बँकेत घालवली आहेत, त्यांना बदल्यांचा मोसम म्हणजे काय ते सांगायला नको. एप्रिल उजाडला, आंब्याला पाड लागला, की आमच्या बँकेतल्या माणसांच्या मनाला बदल्या लागत. यादी यायची मेअखेरीस. पण तिच्या आधी महिनाभर हवेत नुसत्या याद्याच याद्या तरंगत असायच्या. एक यादी हेड क्लार्ककडची, एक युनियनवाल्यांची, आणि सर्वांत विश्वासाची ती साहेबांच्या चहाचा ट्रे आत नेणाऱ्या शिपायाची. "जोशी सांगलीला, सांगलीचे कुलकर्णी नाशकाला, नाशिकचा माणूस इकडे," असा हिशेब डबे खाता खाता मांडला जाई. ज्याची बदली व्हायची तो मात्र त्या टेबलावर बसून मुकाट्याने पोळी-भाजी खात असे. त्याला कोणी काही विचारीत नसे. त्याच्याविषयी बोलायचे असे, त्याच्याशी नव्हे.

हा मोसम निवृत्तीबरोबर संपला असे मी समजत होतो. २०२३ सालच्या जूनमध्ये आम्ही उभयता अमेरिकेला चिरंजीवांकडे गेलो, आणि तिथे तो मला पुन्हा भेटला.

चिरंजीव राहतात ओरेगन राज्यात, पोर्टलँड शहराच्या शेजारी, बीव्हरटन नावाच्या उपनगरात. गाव मोठे देखणे आहे. गुलाबांसाठी प्रसिद्ध. आकाश निवळले की माउंट हूडचे बर्फाचे शिखर दिसते आणि उन्हाळ्यात रात्रीचे नऊ वाजले तरी अंधार पडत नाही. विमानतळावर नातू आला होता. वय वर्षे नऊ. त्याच्या अंगात एक बिनबाह्यांचा सदरा होता आणि सदऱ्यावर भला मोठा शून्य.

"परीक्षेत मिळाला वाटतं?" मी विनोद केला.

तो हसला नाही. गंभीरपणे म्हणाला, "आजोबा, हा डेमियन लिलार्डचा नंबर आहे."

पुढच्या आठ दिवसांत या लिलार्डचे समग्र चरित्र मला तोंडपाठ झाले. जन्म ओकलंडचा, कॉलेज ऑग्डेन गावातले, नोकरी ओरेगनमध्ये. तिन्ही नावे इंग्रजीत 'ओ'ने सुरू होतात, म्हणून अंगावर तो गोल. शून्यही तोच आणि 'ओ'ही तोच. २०१२ साली नवख्या खेळाडूंच्या निवडीत पोर्टलँडच्या 'ट्रेल ब्लेझर्स' संघाने त्याला सहाव्या क्रमांकावर उचलले, आणि तेव्हापासून अकरा मोसम तो त्याच संघात होता. २०१४ साली ह्यूस्टनविरुद्ध शेवटचे नऊ दशांश सेकंद उरले असताना त्याने चेंडू टाकला आणि मालिका जिंकून दिली. २०१९ साली ओक्लाहोमा सिटीविरुद्ध पन्नास गुण केले. त्यातले शेवटचे तीन सदतीस फुटांवरून, घड्याळ संपता संपता. चेंडू जाळीत पडल्यावर त्याने प्रतिपक्षाला हात हलवून 'या आता' म्हटले. नातू हा निरोपाचा हात दिवसातून चार वेळा करून दाखवीत असे; बहुधा दुधाचा पेला समोर आला की.

एका खेळाडूसाठी अख्खे गाव इतके वेडे का, हे कळायला मला थोडा वेळ लागला. अमेरिकेत चार खेळांची मोठी दौलत: त्यांचे ते फुटबॉल, बेसबॉल, बर्फावरची हॉकी आणि बास्केटबॉल. न्यूयॉर्क, शिकागोसारख्या शहरांत चारही नांदतात. पोर्टलँडच्या वाट्याला त्यांतले एकच आले आहे. एकुलत्या एका मुलाचे कौतुक जसे चार मुलांच्या घरापेक्षा जास्त होते, तसे त्या गावाचे या संघावर प्रेम आहे. आणि या एकुलत्याने अजिंक्यपद आणले ते एकदाच, १९७७ साली.

आता त्या 'ट्रेड' नावाच्या प्रकाराविषयी दोन शब्द. आयपीएलच्या कृपेने खेळाडूंचा लिलाव आपल्या अंगवळणी पडला आहे. तिकडे लिलाव नाही, अदलाबदल आहे. खेळाडूने एका संघाशी पाच वर्षांचा करार केला, तरी तो संघ त्याला करारासकट उचलून दुसऱ्या संघाला देऊ शकतो आणि बदल्यात त्यांचे खेळाडू घेऊ शकतो. पगार ठरल्याप्रमाणे मिळतो. पण गाव बदलते, घर बदलते, मुलांची शाळा बदलते. फार थोड्या खेळाडूंच्या करारात 'माझ्या संमतीवाचून मला हलवायचे नाही' असे कलम असते. लिलार्डच्या करारात ते नव्हते.

पूर्वी तर याहून कठीण होते. करार संपला तरी खेळाडूला आपणहून दुसरीकडे जायची मुभा नसे. १९७० साली ऑस्कर रॉबर्टसन नावाच्या थोर खेळाडूने, खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष या नात्याने, याविरुद्ध खटला गुदरला. तो सहा वर्षे चालला आणि १९७६ साली तडजोड होऊन करार संपलेल्या माणसाला मोकळीक मिळण्याची वाट उघडली. करार चालू असेपर्यंत मात्र बदलीची तलवार डोक्यावर आहेच. चौतीस वर्षे बँकेत काढलेल्या मला हे सारे फार ओळखीचे वाटले.

जूनच्या अखेरीस नवख्यांची निवड झाली. आदल्या मोसमात ब्लेझर्स ब्याऐंशीपैकी तेहतीसच सामने जिंकले होते, म्हणून त्यांना तिसऱ्या क्रमांकाची निवड मिळाली होती. लोकांना वाटत होते, ती निवड दुसऱ्या कोणाला देऊन त्या बदल्यात मुरलेले खेळाडू आणतील, म्हणजे तेहतिशीला आलेल्या लिलार्डला अजिंक्यपदाची एक संधी मिळेल. संघाने तसे केले नाही. स्कूट हेंडरसन नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा निवडला. तोही लिलार्डच्याच जागेवर खेळणारा. घरात थोरला कर्ता असताना धाकट्यासाठी वेगळी चूल मांडावी, तसे झाले. आणि १ जुलैला बातमी आली: लिलार्डने संघाला सांगितले आहे, मला दुसरीकडे पाठवा. मनात आहे ते मियामी.

झाले! त्या दिवसापासून २७ सप्टेंबरपर्यंत त्या गावात दुसरा विषय नव्हता.

मी केस कापायला गेलो, तर न्हावी वस्तरा हवेत धरून सांगत होता की बॉस्टन मध्ये पडणार. शहरात जाणाऱ्या आगगाडीत अनोळखी माणसे नातवाच्या सदऱ्याकडे पाहून त्याच्याशी हळहळत. खाण्याच्या गाड्यांच्या अड्ड्यावर नूडल्सची वाटी हातात घेऊन दोन तरुण भांडत होते: फिलाडेल्फिया की टोरांटो? जणू एकाची बहीण आणि दुसऱ्याचा मेहुणा.

नातवाकडे तर साक्षात यंत्र होते. 'ट्रेड मशीन' म्हणतात त्याला. संगणकावर या संघाचा एक, त्या संघाचे दोन अशी नावे घालायची, की ते यंत्र हिशेब करून सांगते, हा व्यवहार नियमांत बसतो की नाही. नियम असा की पगाराच्या ठरलेल्या मर्यादेवर गेलेल्या संघाने जितक्या पगाराचा माणूस घ्यायचा, साधारण तितक्याच पगाराची माणसे द्यायला हवीत. लिलार्डचा त्या वर्षीचा पगार होता साडेचार कोटी डॉलरांहून अधिक. त्यामुळे एकट्यादुकट्याने भागत नसे. मियामीकडून टायलर हिरो नावाचा तेवीस वर्षांचा पोरगा आणि वर काइल लाउरी नावाचे सदतिशीचे बुजुर्ग, शिवाय भविष्यातल्या निवडींचे हक्क, असा सगळा मानपान जमवावा लागे.

"म्हणजे पत्रिकाच की!" सौभाग्यवती म्हणाल्या. "किती गुण जुळले?"

गुण जुळत होते. पण वरपक्ष अडून बसला होता. पोर्टलँडजवळ हिरोच्या जागेवर खेळणारी तरुण पोरे आधीच तीन होती. त्यांना तो नको होता. मग त्याला तिसऱ्याच संघाच्या गळ्यात बांधायचे, अशी खटपट नातू करी.

"नाव हिरो, आणि कोणालाच नको!" आमच्या घरातून त्या मुलासाठी रोज एक सुस्कारा जाऊ लागला.

मीही कधी त्या यंत्रापाशी बसू लागलो ते मला कळले नाही. रात्री झोपताना मी सौभाग्यवतींना सांगे, "मियामीने आणखी एक निवड दिली तर जमेल बघ." त्या म्हणत, "पण त्याला स्वतःला तिथं करमेल का?" हा प्रश्न त्या सबंध उन्हाळ्यात फक्त त्यांनीच विचारला.

जुलैअखेर तर कमालच झाली. खेळाच्या वरिष्ठ मंडळाने सर्व संघांना पत्र धाडले: लिलार्ड किंवा त्याचा मुखत्यार यांनी 'मियामीखेरीज कोठेही मनापासून खेळणार नाही' असे यापुढे सुचवले, तर शिस्तभंगाची कारवाई होईल. म्हणजे इच्छा असू द्या, पण ती बोलायची नाही! मला आमच्या बँकेतल्या छापील अर्जाची आठवण झाली. त्यात 'पसंतीची तीन ठिकाणे' अशी जागा असे, आणि ती कोणी वाचीत नसे.

१९८८ सालची गोष्ट. त्या वर्षीच्या डब्याच्या टेबलावरचा विषय मी होतो. सर्वानुमते मी साताऱ्याला जाणार होतो. शिपायाची यादी सातारा म्हणत होती, युनियनची यादी सातारा म्हणत होती. सौभाग्यवतींनी तर साताऱ्यातल्या एका दूरच्या मावशीला पत्रही घातले. २७ मेला यादी लागली. मी चंद्रपूर! ज्या गावाचे नाव महिनाभरात कोणी चुकूनही उच्चारले नव्हते. जूनमध्ये आम्ही त्या भट्टीत उतरलो. तेव्हा चिरंजीव नऊ वर्षांचे होते. ट्रंकांवर बसून त्यांनी सारा प्रवास केला, आणि हूं की चूं केले नाही. 'किती शहाणा मुलगा!' असे आम्ही पुढे कित्येक वर्षे सर्वांना सांगत आलो.

ऑगस्ट आला. रस्त्याकडेच्या कुंपणांवर काळ्या रानबोरांचे घोस पिकले. शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. संध्याकाळी ते बोरे तोडायला येत, तेव्हा आमचे बोलणे होई. १९७७ चे अजिंक्यपद त्यांनी तरुणपणी पाहिलेले. बिल वॉल्टन नावाचा उंचापुरा खेळाडू तेव्हा गावाचे दैवत होता. तोही पुढे दुखापतींना आणि संघाच्या वैद्यांना कंटाळून 'मला सोडा' म्हणाला आणि १९७९ मध्ये निघून गेला. १९८४ साली तर ब्लेझर्सनी दुसऱ्या क्रमांकावर सॅम बोवी निवडला, आणि तिसऱ्या क्रमांकावर शिकागोने उचलला तो मायकेल जॉर्डन! एकोणचाळीस वर्षे उलटली, तरी सांगताना त्या म्हाताऱ्याच्या हातातले बोर चिरडले.

"तुम्हाला काय वाटतं," मी विचारले, "लिलार्ड कुठे जाईल?"

"ते बोलायला बरं वाटतं," तो म्हणाला. "कुठे जाईल ते बोलत राहिलं, म्हणजे तो जाणार, हे बोलावं लागत नाही."

मी बोरांची वाटी घेऊन घरी आलो. पण ते वाक्य काट्यासारखे कोठेतरी अडकून राहिले.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी आतापर्यंत मी लपवून ठेवली. पुण्यात आमच्या बिऱ्हाडासमोर, त्याच मजल्यावर, एक ब्लॉक आहे. २०११ साली, निवृत्तीचे पैसे हाती आले तेव्हा, मी तो चिरंजीवांसाठी घेतला. त्यांना अमेरिकेत जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. फोनवर सांगितले, "तुझ्यासाठी समोरचा ब्लॉक घेतला आहे. आलास की झाले." पलीकडून उत्तर आले, "बघू."

मराठीत 'बघू' या शब्दासारखा दगाबाज शब्द नाही. तो सावकाराच्या तोंडी आला तर 'नाही' असतो, वधूपित्याच्या कानाला 'हो' असतो, आणि आईबापांनी ऐकला तर त्याचा अर्थ 'पुढल्या वर्षी'. त्या एका 'बघू'वर आम्ही दोघांनी बारा वर्षे काढली. दर दिवाळीला तो ब्लॉक उघडायचा, झाडायचा, गाद्यांना ऊन दाखवायचे, पुन्हा कुलूप. आणि रात्री दिवा मालवल्यावर आमची डब्याची सभा भरायची. त्याच्या कंपनीत माणसे कमी करताहेत म्हणे; म्हणजे येईल. सूनबाईंच्या आईची प्रकृती बरी नसते, म्हणजे येईल. घराचे कर्ज काढले, म्हणजे लांबले. पण मुलगा चौथीत जाण्याआधी आला तर मराठी शाळेत... असे ते चाले. पोर्टलँडलाही, त्याच्याच घरात, त्याच्याच दिवाणखान्याला लागून असलेल्या खोलीत, आमची ती सभा रोज भरत होती. भिंती लाकडाच्या असतात तिकडे.

एका शनिवारी दुपारी नातू वही घेऊन माझ्याजवळ आला. चेहरा त्रासलेला.

"आजोबा, हा ट्रेड काही जमत नाही."

"कुठला? मियामीचा?"

"नाही. बाबाचा."

मी चश्मा लावला. वहीत दोन रकाने आखले होते. एकावर पोर्टलँड, दुसऱ्यावर पुणे.

"बाबाला पुण्याला पाठवायचं ना तुम्हाला? मग तिकडून कोणीतरी इकडे द्यायला हवं. पण बाबाचा पगार फार आहे. तुमचं पेन्शन घातलं तरी जुळत नाही. आणि आजीला तर पगारच नाही. ती कुठल्याच ट्रेडमध्ये बसत नाही."

मला हसू यायला हवे होते. त्याने पेन्सिल तोंडात धरून वहीकडे पाहिले आणि म्हटले, "आणि मी कुठल्या बाजूला जातो, ते कळतच नाही मला. तुम्ही आणि आजी बोलता त्यात माझं नाव शाळेपुरतंच येतं."

मी वर पाहिले. दारात चिरंजीव उभे होते. हातात धुतलेल्या कपड्यांची टोपली. ते काही बोलले नाहीत. टोपली घेऊन परत गेले. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी ट्रंकेवर बसलेला मुलगाही असाच काही बोलला नव्हता.

संध्याकाळी मी मागल्या अंगणात गेलो. ते टोमॅटोंना पाणी घालीत होते. बारा वर्षे जे विचारायचे ते मी विचारले. विचारायला चार सेकंदसुद्धा लागले नाहीत.

"तू परत येणार आहेस का?"

त्यांनी नळी खाली ठेवली. "नाही, बाबा." मग जरा थांबून म्हणाले, "निदान आता तरी नाही, असं म्हणणार होतो. पण त्या 'निदान'वर तुम्ही आणखी दहा वर्षं काढाल. म्हणून नाहीच म्हणतो."

"मग इतकी वर्षं 'बघू' का म्हणत होतास?"

"तुम्ही विचारलंत कधी? ब्लॉक घेतलात, ते घेतल्यावर कळवलंत. आजवर तुम्ही मला सांगत आलात, नाहीतर माझ्याविषयी आपापसांत बोलत आलात. चंद्रपूरला जातानाही मी वाट पाहत होतो, कोणी तरी विचारील म्हणून. शाळेच्या खो-खोच्या संघात नाव लागलं होतं माझं. पहिल्यांदाच. ते सांगायचं राहूनच गेलं."

मला हे ठाऊक नव्हते. चौतीस वर्षे बँकेने मला विचारले नाही याचा राग मी उराशी बाळगून होतो. पण त्याच यादीत माझ्या हाताखाली आणखी एक नाव होते आणि त्याला मी विचारले नव्हते, हे माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते. आम्ही दोघे बराच वेळ टोमॅटोकडे पाहत उभे राहिलो. मला फार वाईट वाटेल असे मला वाटले होते. वाटलेही. पण चंद्रपूरची यादी लागल्या दिवशी जे झाले होते तेच त्या रात्री झाले. महिनाभरात पहिल्यांदा मला गाढ झोप लागली.

सौभाग्यवतींना मी दुसऱ्या दिवशी सांगितले. त्या पोळ्या लाटीत होत्या. लाटणे थांबले नाही. चार पोळ्या झाल्यावर म्हणाल्या, "त्या गाद्या उगीच ऊन खात राहिल्या. द्या कोणाला तरी तो ब्लॉक."

२७ सप्टेंबरला, आमच्या परतीला आठ दिवस उरले असताना, यादी लागली. लिलार्ड गेला. मियामीला नव्हे, बॉस्टनला नव्हे, फिलाडेल्फियाला नव्हे, टोरांटोला नव्हे. मिलवॉकीला! न्हाव्याच्या यादीत मिलवॉकी नव्हते, गाडीतल्या लोकांच्या यादीत नव्हते, आमच्या यंत्राला तर ते कधी विचारलेच नव्हते. पोर्टलँडला मिळाले ड्रू हॉलिडे आणि डिआंड्रे एटन, मिलवॉकीची २०२९ सालची एक निवड, आणि एक कोणी तुमानी कमारा, ज्याचे नाव बातमीच्या शेवटी रुखवतातल्या पोपटासारखे आले होते. फीनिक्स संघालाही चार खेळाडू मिळाले. बिचारा हॉलिडे! मिलवॉकीत सुखाने नांदत होता. तो पोर्टलँडच्या खात्यात अवघे चार दिवस राहिला; १ ऑक्टोबरला त्याला पुढे बॉस्टनला धाडले. त्याला तर सबंध उन्हाळ्यात कोणी चर्चेपुरतेही विचारले नव्हते.

नातवाने सदरा काढून घडी केला आणि कपाटात ठेवला. रडला नाही. मला वाटले होते रडेल. मी जवळ गेलो, आणि शहाणपणा सुचून म्हटले, "तुला काय वाटतं रे?" मग मात्र तो रडला.

आम्ही पुण्याला परतलो. समोरचा ब्लॉक एका तरुण जोडप्याला भाड्याने दिला. त्यांचे पोर जिन्यात धावते, आमच्या दाराला चेंडू मारते. बारा वर्षे त्या मजल्यावर जी शांतता होती ती आम्हाला किती जड झाली होती, हे ती मोडल्यावर कळले. नातवाचा दर रविवारी फोन येतो. आता आम्ही त्याला विचारतो, आणि तो सांगतो. ३१ जानेवारी २०२४ ला लिलार्ड मिलवॉकीच्या कपड्यांत पोर्टलँडला खेळायला आला, तेव्हा सारे प्रेक्षागार उठून उभे राहिले. सामना मात्र पोर्टलँडने जिंकला. रुखवतातला तो कमारा पुढे इतका चमकला की २०२५ साली उत्कृष्ट बचावपटूंच्या दुसऱ्या संघात त्याची निवड झाली. आणि अजिंक्यपदासाठी गेलेल्या लिलार्डला अजिंक्यपद काही मिळाले नाही. मिलवॉकी दोन्ही वर्षी पहिल्याच फेरीत हरली, आणि एप्रिल २०२५ मध्ये ऐन सामन्यात त्याच्या टाचेची शीर तुटली. जुलैत त्यांनी त्याला मोकळे केले.

त्याच जुलैतली ती सकाळ. फोनवर नातू ओरडत होता, "आजोबा, तो परत आला! लिलार्ड परत आला! पोर्टलँडनं त्याला घेतलं. आणि हॉलिडेही परत आलाय, बॉस्टनहून!"

टाचेची शस्त्रक्रिया झालेला, पस्तिशीला आलेला माणूस. लगेच खेळता येणार नाही हे सर्वांना ठाऊक. तरी संघाने त्याच्याशी तीन वर्षांचा करार केला. त्याची मुले पोर्टलँडलाच होती. आणि या वेळी करारात ते कलम आहे: त्याच्या संमतीवाचून त्याला कोठेही हलवायचे नाही.

"म्हणजे आता त्याला विचारावं लागेल," मी म्हणालो.

"हो," नातू म्हणाला. "आता विचारावंच लागेल."

फोन ठेवला. स्वयंपाकघरातून सौभाग्यवती पदराला हात पुसत बाहेर आल्या. "कोण परत आला म्हणत होता तो?"

मी सगळे सांगितले. अकरा वर्षे एका घरी राहिला, मग गेला, दोन वर्षे बाहेर काढली, आणि ज्याची कोणी आशा धरली नव्हती तेव्हा आपण होऊन परत आला. त्या ऐकत होत्या. मग समोरच्या बंद दाराकडे पाहत म्हणाल्या, "अहो, समोरची मंडळी यंदा तीन वर्षांचा करार करू या म्हणत होती ना?"

"हो. त्यांना मुलाच्या शाळेसाठी सोयीचं पडेल."

"मी म्हणते, अकरा महिन्यांचाच करावा. लांबचा नको."

मी त्यांच्याकडे पाहिले. बारा वर्षांची ती रात्रीची सभा त्यांच्या डोळ्यांत पुन्हा भरायला लागली होती. 'नाही' म्हणणे माझे कर्तव्य होते. मला उत्तर ठाऊक होते. ते मी माझ्या कानांनी टोमॅटोंच्या साक्षीने ऐकले होते.

"बघू," मी म्हणालो.